पोकळीचा इकार

एक दाढ काढायची, एवढंच ठरलं होतं. उजवीकडची, खालची, मागून दुसरी. जेवताना ती हलायची आणि अनुस्वार जेवायचे थांबायचे. थांबले की ताटाकडे बघत बसायचे. मुलीला वाटायचं, आईची आठवण आली असेल, म्हणून ती काही बोलायची नाही. या समजुतीत चार महिने गेले. शेवटी एका रविवारी अनुस्वारांनी तोंडातला घास काढून बशीत ठेवला आणि म्हणाले, "दाढ हलतेय."

"एवढंच होय!" मुलगी म्हणाली, आणि मग आपल्याच बोलण्याची तिला लाज वाटली.

अनुस्वार हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका दैनिकात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. उंची बेताची, बांधा गोल, आणि बसायची जागा पोटमाळ्यावर, म्हणजे बाकी सगळ्यांच्या डोक्यावर. खाली छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ठेवून टाकलं. पुढे ते नाव घरापर्यंत आलं आणि जिना चढून शेजाऱ्यांकडेही गेलं. फक्त बायको त्यांना 'अहो' म्हणायची. तसं 'अहो' म्हणणारं गेल्या आठ महिन्यांत कुणी उरलं नव्हतं.

कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर बडबड्या होता. दाढ काढायच्या आधी सगळ्या जबड्याचा फोटो काढून घेऊ, म्हणाला. अनुस्वारांनी एका यंत्रात हनुवटी टेकवली आणि ते यंत्र, काहीतरी हरवल्यासारखं, त्यांच्या डोक्याभोवती फिरून आलं. मग डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि त्याची बडबड बंद पडली.

"काका, दाढ आज राहू द्या," तो म्हणाला. "मोठ्या रुग्णालयात जा. जबड्याचा विभाग आहे तिथं. चिठ्ठीत सगळं लिहून देतो."

"हलत्या दाढेसाठी?"

"दाढेसाठी नाही," डॉक्टर म्हणाला आणि त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाकीट उघडंच होतं. छापखान्यात हयात घालवलेल्या माणसाच्या हातात उघडं पाकीट देऊन ते तो वाचणार नाही अशी अपेक्षा ठेवणं चुकीचं आहे. घरी येऊन, चष्मा पुसून, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून अनुस्वारांनी चिठ्ठी वाचली. 'खालच्या जबडयात डाव्या बाजुस मोठी पोकळि. आडवी अक्कलदाढ. तातडिने तपासणे.' दहा शब्दांत चार चुका. त्यातल्या तिसऱ्या चुकीपाशी ते थांबले.

या शब्दाशी त्यांचं जुनं वैर होतं. दैनिकाच्या पाचव्या पानावर निधनवार्ता असत, आणि प्रत्येक निधनवार्तेच्या शेवटी एकच वाक्य असे: 'त्यांच्या निधनाने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' कारखानदार गेला तरी पोकळी, मुख्याध्यापक गेले तरी तीच पोकळी. अनुस्वार ते वाक्य सरळ खोडत. उपसंपादक खालून वर ओरडायचे. "का काढलंत?" अनुस्वार म्हणायचे, "न भरून येणारी हे तुम्हाला कसं कळलं? माणूस आज पहाटे तर गेला." कधी मृताच्या घरून आग्रहच झाला, की खोडलेल्या वाक्याखाली ठिपक्यांची ओळ देऊन समासात 'राहू द्या' असं लिहावं लागे. मुद्रितशोधनाच्या सगळ्या खुणांमध्ये ही त्यांची सर्वांत नावडती खूण होती.

बायकोची निधनवार्ता त्यांनी स्वतः लिहिली होती. चार ओळी. दुसऱ्या दिवशी छापून आल्या त्या पाच. नव्या मंडळींनी ठेवणीतली पाचवी ओळ आपणहून जोडली होती, आणि तिच्यात 'पोकळि' छापलं होतं. ऱ्हस्व. अनुस्वारांनी ते वाचलं, अंकाची घडी केली आणि भेटायला आलेल्या माणसांना पाणी द्यायला उठले. नंतर केव्हातरी ते कात्रण टेबलाच्या खणात गेलं. लाल पेनाला टोपण लागलं ते लागलंच.

आज त्यांनी ते टोपण काढलं. शाई वाळली होती. रद्दीच्या कागदावर बरंच गिरगटल्यावर उतरली. जबड्यात, बाजूस, पोकळी, तातडीने. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हे ज्याला माहीत नाही त्याने लोकांच्या दाढांना हात लावावा का, असा एक रास्त विचार त्यांच्या मनात आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं. तिथंच ते थांबले असते तर ही गोष्टही तिथंच थांबली असती.

पण मुद्रितशोधक अर्थ पाहत नाही, मूळ प्रत पाहतो. आणि मूळ प्रत, म्हणजे तो फोटो, शेजारीच पडला होता. अनुस्वारांनी तो खिडकीशी धरला. जबड्याच्या पांढुरक्या कमानीत एका टोकाला छोट्या लिंबाएवढा काळा डाग होता, आणि त्याच्या तळाशी एक दाढ झोपल्यासारखी आडवी पडली होती. डाग उजव्या हाताला होता. हलणारी दाढही उजवीकडे. आणि चिठ्ठी म्हणते डावीकडे! पाचवी चूक. त्यांनी 'डाव्या' खोडून 'उजव्या' केलं, समासात खूण केली, खाली आद्याक्षर घातलं, तारीख टाकली. मग त्यांचं लक्ष फोटोच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथं बारीक अक्षरात नुसतंच 'डा' छापलेलं होतं. डॉक्टरच्या 'डॉ'वरचा चंद्र राहिलेला दिसतोय, पुढचं नावही राहिलंय. नाव त्यांचं त्यांनी बघावं. चंद्र मात्र अनुस्वारांनी देऊन टाकला. लाल शाई फोटोवर बसेना, म्हणून मुलीची काचेवर लिहायची लाल पेन्सिल घेतली. मुलगी पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या पिशवीत अशा पेन्सिली असायच्या.

उमेदवारीची पहिली दहा वर्षं शिशाचे उलटे खिळे सुलटे वाचण्यात गेलेल्या माणसाच्या एवढं लक्षात येऊ नये, की फोटोतला जबडा आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो आणि त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते? नाही आलं. माणूस आठ महिन्यांनी कामावर रुजू झाला की असं होतं.

अक्कलदाढेचं मात्र त्यांच्या लक्षात आलं. बायकोला चारही अक्कलदाढा होत्या आणि यांना एकही नव्हती. चाळीस वर्षं तिचं एकच पालुपद: "अक्कलदाढ नाही हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही." आणि आता कळत होतं, की एक होती. आडवी पडून होती, पण होती. अनुस्वार फोटो घेऊन उठले, लगबगीने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिथं जरा वेळ उभे राहिले. मग पाणी प्यायलाच आलो होतो असं दाखवून पाणी प्यायले. दाखवायला तिथं कुणीही नव्हतं.

बातमी जिन्यात फुटली, कारण मुलीने ती जिन्यात फोनवर सांगितली. संध्याकाळी वरचे खाली आले. वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्ज माहीत होता.

"काय हो अनुस्वार, जबड्यात पोकळी म्हणे?"

"म्हणे काय? आहे."

"मग घाबरताय कशाला? पोकळी म्हणजे काय, रिकामी जागा. रिकाम्या जागेला आमच्या ऑफिसात वीस-वीस वर्षं कुणी हात लावत नसे." वरच्यांनी खुर्ची ओढली. "आमच्याकडे एक टंकलेखक होता. त्याला असंच झालं. अर्धा जबडा काढला. पण माणूस सुखी हो! म्हणायचा, आता बायकोशी बोलावं लागत नाही."

वरच्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"म्हणजे, असं तो म्हणायचा," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने उठून गेले. अर्ध्या तासाने त्यांच्या बायकोने लवंगेच्या तेलाची बाटली पाठवली. बहुधा माफी म्हणून.

मोठ्या रुग्णालयात नोंदणीची खिडकी होती आणि खिडकीमागे कारकून होता. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "किती स्वच्छ!" तो म्हणाला. "नाहीतर आम्हाला येतात त्या चिठ्ठ्या म्हणजे मुंग्यांची रांग." अनुस्वारांनी नम्रपणे खाली पाहिलं. कारकुनाने केसपेपरवर लिहिलं: बाजू, उजवी. तारीख मिळाली नऊ दिवसांनंतरची.

त्या दिवशी मुलीने रजा काढली. जबड्याच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मऊ आणि बोटांना कडक.

"काका, कुठली बाजू?"

"उजवी," अनुस्वार ठामपणे म्हणाले.

बाईंनी तोंडात बोट घालून उजवीकडचं हाड आतून-बाहेरून चाचपलं. कपाळाला आठी घातली. पुन्हा चाचपलं. "इथं तर हाड दगडासारखं आहे. एक दाढ हलतेय, बस." मग त्यांनी डावीकडे बोट नेलं आणि हलकेच दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला, प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू दाबल्यासारखा. मुलीने तो खुर्चीपासून चार हातांवर ऐकला.

"दुखतं?"

"नाही. पण ती बाजू नाही," अनुस्वार जमेल तसं बोलले.

"काका, जबडा तुमचा आहे, पण पोकळी डावीकडे आहे." बाईंनी हातमोजे काढून फोटो दिव्यावर लावला, कोपरा निरखला. "हे 'डॉ' कुणी केलं?"

मुलीने तो लाल चंद्र पाहिला. गेल्या आठवड्यात तिची एक पेन्सिल सापडत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली.

"मला वाटलं, चंद्र द्यायचा राहिलाय."

"ते 'डावी'मधलं 'डा' होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक मिनिट हं." आणि त्या हसू दाबत बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता, पण डोळ्यांत अजून पाणी होतं. मग मात्र त्या गंभीर झाल्या. "हे माझ्या नजरेतून सुटलं असतं, तर मी तुमचं उजवीकडचं धडधाकट हाड कोरलं असतं. आणि डावीकडे काय उरलंय माहितेय? पुठ्ठ्याएवढं हाड. जांभई जपून द्या. आणि कृपा करून आमच्या कुठल्याही कागदाला पेन लावू नका."

अनुस्वार मान खाली घालून बसले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकच मोठी चूक गेली होती, एका मंत्र्याच्या भाषणात 'जनसेवा'चं 'जनमेवा' झालं होतं, आणि तीसुद्धा चूक नव्हती असं पुष्कळांचं मत होतं.

बापलेक पुन्हा खिडकीशी आले. कारकुनाने केसपेपर पाहिला आणि मान हलवली.

"बाजू बदलता येत नाही. एका नंबराला एक बाजू."

"मग नवा नंबर द्या," मुलगी म्हणाली.

"नव्यासाठी जुना रद्द करावा लागेल. रद्द करायचा तर ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांचं पत्र लागेल. आणि ही दुरुस्तीवरची सही कुणाची? 'अ'? हे कुठले डॉक्टर?"

अनुस्वारांनी घसा साफ केला. "मी."

"तुम्ही डॉक्टर?"

"मुद्रितशोधक."

कारकुनाने भिंतीवरची विभागांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "तो कुठल्या मजल्यावर येतो?"

रद्द करण्याचा अर्ज वरच्यांनी तयार केला. असा मोका त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळत होता. "अर्जात चूक कबूल करायची नसते," ते सांगत होते. "'बाजूंची अनवधानाने अदलाबदल झाल्याचे निदर्शनास आले आहे', असं लिहायचं. कुणाच्या अनवधानाने, ते लिहायचं नाही. कुणाच्या निदर्शनास, तेही नाही."

"मग त्यात माणूसच कुठं उरला?"

"म्हणून तर अर्ज पुढे सरकतो!"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे मात्र अर्ज चालणार नव्हता. तिथं स्वतः जावं लागलं. तीन पेशंटांच्या देखत त्याने आपल्या चिठ्ठीवरची लाल शाई पाहिली. त्याचे कान लाल झाले.

"काका, माझं ऱ्हस्वदीर्घ चुकतं," तो म्हणाला. "बाजू चुकत नाही."

अनुस्वार म्हणाले, "चूक माझी." हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात फारसे वापरले नव्हते, त्यामुळे ते जरा कोरे-कोरे आले. डॉक्टरने नवी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली आणि पाकिटाला तीन पिना मारल्या.

या सगळ्यात अकरा दिवस गेले. अकरा दिवस अनुस्वार हनुवटीखाली मूठ धरून जांभया देत होते आणि मुलगी समोर बसून प्रत्येक जांभई मोजत होती. अन्न चमच्याने चेचून द्यायची. जेवताना दोघंही बोलत नसत. पूर्वी बोलायचं काम तिसऱ्या माणसाकडे होतं.

मग डावीकडे सुई घातली गेली, आतून घट्ट, पिवळसर काहीतरी निघालं, एक तुकडाही काढून तपासायला गेला, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"कॅन्सर नाही," त्या आधी म्हणाल्या. मुलीने पिशवीचा बंद सोडला. तिच्या बोटांवर वळ उठले होते. "पण अगदी साधीही नाही. ही जरा दुर्मिळ जातीची गाठ आहे. पोकळ असते. हाडातल्या हाडात लांब पसरते, बाहेर सूज येत नाही, दुखत नाही, म्हणून माणसाला कळतच नाही. आणि हट्टी असते. काढली तरी परत येऊ शकते."

"दुर्मिळ," अनुस्वार म्हणाले. त्यांना किंचित बरं वाटल्याचं मुलीला दिसलं आणि तिला त्यांचा राग आला.

"दोन रस्ते आहेत. एक, जबड्याचा तेवढा भाग कापून काढायचा. दुसरा लांबचा. पोकळीला छोटी खिडकी पाडायची, नळी बसवायची आणि घरी रोज दोनदा आत मिठाचं पाणी मारून धुवायची. आतला दाब गेला की ती आपोआप आकसते. मग उरलेली कोरून काढायची. त्याला महिने लागतात."

"तिसरा रस्ता नाही का?" अनुस्वारांनी विचारलं.

"कुठला?"

"राहू द्यायची."

"किती दिवस?"

"असतील तितके."

डॉक्टरबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी दिव्यावरच्या फोटोकडे पाहत होती.

"काका, हाड मोडेल. आणि पोकळी भरते हो."

"भरत नाही," अनुस्वार म्हणाले. "चौतीस वर्षं मी रोज वाचत होतो."

"कुठं वाचलंत ते मला माहीत नाही. मी रोज पाहते. कडेकडेने नवं हाड येतं, बाहेरून आत. घाई केली तर येत नाही. पण येतं."

तेव्हा मुलगी बोलली. आवाज अगदी नेहमीचा होता, पाण्याचा नमुना कुठून आणला ते विचारतात तसा.

"बाबा, एका वर्षात घरातली दुसरी निधनवार्ता मी लिहिणार नाही. एक तर माझं शुद्धलेखन बरं नाही. आणि तुमची तपासायला कोण असणार?"

भिंतीपलीकडे कुणाच्या तरी दातात यंत्र घरघरत होतं. ते थांबलं.

"शुद्धलेखन खरंच बरं नाही तुझं," ते म्हणाले. "नळी बसवा."

नळी बसली. ती वाळ्याच्या काडीएवढी होती आणि हिरडीला दोन टाके घालून अडकवलेली होती. रोज सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मुलगी वाकड्या टोकाची सिरिंज घेऊन यायची. अनुस्वार खिडकीशी तोंड उघडून बसायचे. पहिल्या दिवशी पाणी नाकात गेलं. दुसऱ्या दिवशी चष्म्यावर उडालं. तिसऱ्या दिवशी वरचे 'जरा बघू' म्हणून येऊन उभे राहिले आणि त्यांच्या सदऱ्यावर उडालं. त्यानंतर ते दारातूनच सल्ला देऊ लागले.

मुलगी प्रयोगशाळेतली होती, तिला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. पोकळीत किती पाणी मावतं ते ती दर रविवारी मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. पहिल्या रविवारी चौदा मिलिलिटर. महिन्याने तेरा. "एकच?" अनुस्वार म्हणाले. "एकच," ती म्हणाली.

तोंड उघडं आणि आत सिरिंज असताना माणूस वाद घालू शकत नाही, हा या उपचाराचा एक मोठा फायदा डॉक्टरबाईंनी सांगितला नव्हता. मुलीला तो तिसऱ्या महिन्यात सापडला. मावणारं पाणी तेव्हा अकरावर आलं होतं.

"आईचे कपडे वरच्या काकूंना विचारून देऊन टाकायचे का?" तिने एका सकाळी विचारलं.

"आ," अनुस्वार म्हणाले.

"हो की नाही?"

"आ."

"बरं. मग सध्या नको." तिने सिरिंज पुन्हा भरली. जरा थांबून म्हणाली, "ते 'पोकळि' मीही वाचलं होतं. त्याच दिवशी. वाटलं, तुमच्या लक्षात आलं नसेल तर बरं. म्हणून अंक लपवायला गेले, तर तुम्ही आधीच घडी करून ठेवला होता."

अनुस्वारांचं तोंड उघडंच राहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. ते सिरिंजचं असू शकत होतं. मुलीने ते सिरिंजचंच धरलं आणि रुमाल दिला.

आठव्या महिन्यात आकडा तीनवर आला. मग दुसरी शस्त्रक्रिया झाली. उरलेली गाठ कोरून निघाली, हाडाला औषध लावलं गेलं, आणि तिच्याबरोबर ती आडवी अक्कलदाढही निघाली. अनुस्वारांनी शुद्धीवर येताच सर्वांत आधी ती मागितली.

"रुग्णाचा दात रुग्णाला द्यायला अर्ज लागतो," खिडकीवरचा कारकून म्हणाला.

वरच्यांनी अर्ज घरून लिहूनच आणला होता. त्यात 'सदर दाढेशी अर्जदाराचे कौटुंबिक संबंध असल्याने' असं वाक्य होतं. कारकुनाला ते पटलं. अनुस्वारांनी ते खोडलं नाही. पेन घरीच ठेवला होता. दाढ एका छोट्या बाटलीतून घरी आली. बायकोची गुंड्यांची डबी शिवणयंत्राच्या खणात होती, तिच्यात त्यांनी ती ठेवली. डबी बंद करताना दाढ गुंड्यांवर वाजली. चाळीस वर्षांच्या पालुपदाला दिलेलं ते उत्तर होतं. उशिरा का होईना, लेखी नाही तरी पुराव्यासह.

पुढे सहा महिन्यांनी फोटो काढला. डॉक्टरबाईंनी तो दिव्यावर लावला. काळ्या डागाच्या जागी धुक्यासारखं पांढरं काही पसरलं होतं. मधे बोटाच्या पेराएवढी जागा अजून काळसर होती.

"येतंय," त्या म्हणाल्या. "पण दर वर्षी येऊन दाखवायचं. ही परत येते."

"येऊ दे," अनुस्वार म्हणाले. "आम्ही इथंच आहोत."

बाईंनी अहवाल लिहून त्यांच्या हातात दिला आणि सावधपणे विचारलं, "काही चूक?"

अनुस्वारांनी तो सवयीने शब्द-शब्द वाचला. 'डाव्या बाजूची पोकळी भरत आली आहे.' बाजू बरोबर होती. इकार दीर्घ होता. आणि 'भरून' नव्हतं, 'भरत' होतं. ते त्या एका शब्दाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "शुद्ध आहे."

घरी आल्यावर ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आणि खण उघडला. कात्रण पिवळं पडलं होतं. त्यांनी ते समोर नीट सरळ केलं, लाल पेनाचं टोपण काढलं आणि आधी 'पोकळि'चा इकार दीर्घ केला. मग चौतीस वर्षांच्या सवयीने हात पुढे गेला आणि पाचवी ओळ सबंध खोडली गेली. चार ओळी उरल्या, त्यांनी लिहिल्या होत्या तेवढ्याच.

मुलगी ओला टॉवेल दोरीवर टाकत होती. तिने मागे वळून पाहिलं. अनुस्वार पेन हातात धरून तसेच बसले होते. बऱ्याच वेळाने ते पुढे वाकले आणि खोडलेल्या ओळीखाली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एकेक ठिपका देत गेले. मुलगी टॉवेल टाकून जवळ आली.

"काय लिहिताय?"

त्यांनी हात बाजूला घेतला. समासात, चौतीस वर्षांच्या त्यांच्या गोल, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: राहू द्या.